यंत्राची छाट

सोलापूरच्या पूर्व भागात 'छाट' या शब्दाचा अर्थ कोणाला विचारावा लागत नाही. कारखान्यातून पाने आणि तंबाखू घरी आणायची, दिवसभर मान खाली घालून हजारभर विड्या वळायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्या नेऊन द्यायच्या. तिथे तपासणारा मूठभर विड्या उचलतो, दाबून पाहतो आणि काही बाजूला टाकतो. ही छाट. शहरात विडी वळणाऱ्या बायका साठ-सत्तर हजारांच्या घरात आहेत असे सांगितले जाते. त्या प्रत्येकीने कधी ना कधी आपले तासा-दोन तासांचे काम असे बाजूला पडताना पाहिले आहे.

आपल्यापैकी अनेकींना कदाचित माहीत नसेल, पण हा शब्द कायद्यापर्यंत पोचला होता. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याखाली जे नियम झाले, त्यांच्या इंग्रजी मजकुरातही 'छाट' हाच शब्द आहे. महाराष्ट्राचा नियम असा होता की साधारणपणे शंभरात पाचांहून जास्त विड्या छाटता येणार नाहीत; बाईने मुद्दाम हयगय केलेली नसेल तर छाटलेल्या विड्यांचीही निम्मी मजुरी द्यावी लागेल. आणि छाटीवरून वाद झाला तर तो मालकाने न सोडवता सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने सोडवायचा, ही तरतूद खुद्द कायद्यात होती. हे कारखान्यात किती पाळले गेले हा वेगळा विषय आहे. संघटनेचा जोर असे तिथे पाळले गेले, नसे तिथे नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि तो कायदाही इतिहासजमा झाला. पण त्यामागचा विचार मला महत्त्वाचा वाटतो. नाकारण्याचा अधिकार ज्याच्या हातात आहे, त्याच्यावर मर्यादा हवी आणि त्याच्या निर्णयावर दाद मागायला तिसरी जागा हवी, हे तेव्हा मान्य झाले होते.

आता छाट माणसांची होऊ लागली आहे आणि ती यंत्र करते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नीतिमत्तेवर सध्या परिसंवाद पुष्कळ होतात. त्यांत यंत्राला मन असते का, ते उद्या आपल्यावर राज्य करील का, अशा प्रश्नांचा खल चालतो. आपल्या वस्त्यांतल्या बाईपुढचा प्रश्न इतका दूरचा नाही. तो अंगणवाडीच्या दारात उभा आहे.

१ जुलै २०२५ पासून केंद्र सरकारने घरपोच आहार देताना चेहऱ्याची ओळख पटवणे सक्तीचे केले. गरोदर बाई, स्तनदा माता आणि सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळांसाठी मिळणारी ही पाकिटे. सेविकेने आपल्या मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये आधी बाईचे आधार घालायचे, आधारला जोडलेल्या नंबरवर आलेला ओटीपी भरायचा, मग तिचा फोटो काढायचा. त्यानंतर दर वाटपाच्या वेळी पुन्हा फोटो. यंत्र दोन्ही चेहऱ्यांचे आकड्यांत रूपांतर करते आणि ते किती जुळतात ते पाहते. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. किती जुळले म्हणजे 'तीच बाई' मानायची, याचे एक मोजमाप आधी ठरवून यंत्राला दिलेले असते. ते कडक ठेवले तर खऱ्या बायका बाहेर राहतात. सैल ठेवले तर एखादी भलतीच आत येते. कसेही ठेवले तरी काही चुका होणारच. त्या चुका कोणाच्या अंगावर पडाव्यात, एवढे मात्र कुठल्यातरी कार्यालयात बसलेला माणूस ठरवतो. 'यंत्र नाही म्हणते' असे आपल्याला सांगितले जाते तेव्हा या माणसाचे नाव कोणी सांगत नाही.

चेहरा ओळखणारी यंत्रे सगळ्यांशी सारखी वागत नाहीत, हेही आता सिद्ध झालेले आहे. २०१८ मध्ये अमेरिकेत जॉय बुओलामविनी आणि टिम्निट गेब्रू या दोघी संशोधक स्त्रियांनी मोठ्या कंपन्यांची यंत्रे तपासली. चेहरा बाईचा की पुरुषाचा, एवढे साधे काम होते. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक शंभरात एकाच्याही आत होती. काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती एका यंत्रात जवळजवळ पस्तीसपर्यंत गेली. ज्या चेहऱ्यांवर यंत्राला शिकवले ते गोऱ्या पुरुषांचे जास्त होते, म्हणून. आपल्याकडे वापरल्या जाणाऱ्या यंत्राची अशी तपासणी कोणी केली, कोणत्या बायकांच्या चेहऱ्यांवर केली, आणि निकाल काय लागला, हे अंगणवाडीच्या भिंतीवर लावलेले मी पाहिलेले नाही.

आणि चेहऱ्यापर्यंत पोचण्याआधीच किती अडथळे! आधारवरचा फोटो लग्नाआधीचा, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचा. आता ती दोन बाळंतपणांनंतर रक्तक्षयाने ओढलेली. ओटीपी येतो तो नंबर नवऱ्याचा, आणि तो कामावर पुण्याला. पहिले बाळंतपण माहेरी करायची आपली रीत, म्हणजे नाव एका अंगणवाडीत आणि बाई दुसऱ्या गावात. पूर्वी ओल्या बाळंतिणीच्या वाटचे पाकीट तिची सासू किंवा शेजारीण आणून देई. आता तिने स्वतः उठून यावे आणि कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावावेत. बुरखा किंवा पदर घेणारी बाई सेविकेसमोर चेहरा उघडेल, ती तिच्या ओळखीची असते. पण फोटो पुढे कुठे जातो हे तिला कोणी सांगितलेले नसते.

डोळे मिचकावण्यावरून आठवले. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रियांना बँकेचे डिजिटल केवायसी करता येत नव्हते, कारण पापण्याच उरल्या नव्हत्या आणि यंत्राच्या लेखी पापणी न हलवणारा माणूस जिवंत नव्हता. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने सांगितले की डिजिटल सेवा मिळणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि ओळख पटवण्याचे इतर मार्ग द्यावेच लागतील. हा निकाल आपल्या प्रत्येक संघटनेच्या फायलीत असायला हवा.

घरपोच आहार ही कोणाची मेहेरबानी नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या चौथ्या आणि पाचव्या कलमांनी तो बाईचा आणि बाळाचा हक्क आहे. कोणाला वंचित ठेवू नका, असे तोंडी सगळेच सांगतात. पण ॲपवर नोंद झाल्याखेरीज वाटप झाल्याचे दाखवता येत नसेल, तर सेविकेने पाकीट कोणाच्या भरवशावर द्यायचे?

सेविकेविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण यंत्राचा राग लोक तिच्यावर काढतात. ती मानधनावर काम करणारी, त्याच गल्लीत राहणारी. कोण गरोदर आहे हे तिला सासूच्याही आधी कळते. तीस-तीस वर्षे जिने घरोघर जाऊन वजने घेतली, तिला समोर उभी असलेली बाई तीच आहे की नाही हे यंत्राने सांगायचे! २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरच्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले होते. मोबाइल निकृष्ट होते आणि ॲप इंग्रजीत होते. तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याला तंत्रज्ञानाचा विरोध म्हटले. माझ्या मते आपल्या राज्यातला यंत्रांच्या धोरणाविषयीचा तो पहिला मोठा स्त्री-कामगार लढा होता, आणि आपण स्त्रीसंघटनांनी त्याची पुरेशी दखल घेतली नाही. आपल्या शिष्टमंडळांत सेविकांच्या प्रतिनिधी नसतात, त्यांच्या मोर्चांत आपण पाठिंब्याच्या भाषणापुरत्या जातो.

आता लाडकी बहीण. या योजनेबद्दल आपल्यात मतभेद आहेत. दीड हजारांनी स्त्री सबल होते की मिंधी, यावर आपण कितीतरी बैठका घालवल्या. तो वाद बाजूला ठेवून फक्त छाट कशी झाली ते पाहू. २०२४ च्या जूनमध्ये योजना जाहीर झाली, ऑगस्टमध्ये पहिले हप्ते गेले, २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान झाले. त्या काळात अडीच लाखांच्या उत्पन्नाची अट होती, चारचाकीची अट होती, सगळे निकष कागदावर होते. तरी दोन कोटींहून अधिक अर्ज भराभर मंजूर झाले. अर्जामागे ५० रुपये देऊ म्हणून ते काम सेविकांकडून करून घेतले. निवडणूक संपली आणि मग वेगवेगळ्या खात्यांच्या माहितीशी याद्या जुळवणे सुरू झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये पाच लाख बायका अपात्र ठरल्याचे जाहीर झाले. जुलैमध्ये आणखी मोठा आकडा आला: २६ लाख ३४ हजार. त्यांचे पैसे जूनपासून स्थगित केले आणि जिल्हाधिकारी शहानिशा करतील, ज्या पात्र ठरतील त्यांना पुन्हा सुरू करू, असे सांगितले. क्रम लक्षात घ्या: आधी बंद, मग चौकशी. चाळणी तीच होती. मतदानापूर्वी तिची भोके मोठी होती, नंतर बारीक झाली, आणि भोकांचा आकार संगणक स्वतः ठरवत नाही.

त्यानंतर सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीचे झाले. त्यात बाईच्या आधारसोबत पतीचे किंवा वडिलांचे आधार मागितले. हे वाचून मला पहिल्यांदा हसू आले. २०२४ च्या मार्चमध्ये याच राज्याने निर्णय घेतला होता की १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलाच्या नावात वडिलांच्या आधी आईचे नाव येईल. आईचे नाव पुढे आणणारे आणि बाईला बापाचा-नवऱ्याचा क्रमांक विचारणारे खाते एकच, महिला व बालविकास.

नवरा-वडील दोघेही नसलेल्या बायकांची ओरड झाली तेव्हा मुदत वाढवली आणि मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा हुकूमनामा सेविकेकडे द्यावा, अशी सोय केली. पण टाकलेल्या बाईचे काय? ती विधवा नाही, घटस्फोटिता नाही. नवरा जिवंत आहे, दुसरीबरोबर राहतो आहे आणि तिने फोन केला तर उचलत नाही. तो ओटीपी सांगेल? सांगितला तर कशाच्या बदल्यात? खावटीचा दावा मागे घे म्हणून अडवायला त्याला आता एक नवे साधन मिळाले. योजनेच्या मूळ शासननिर्णयात पात्र स्त्रियांमध्ये 'परित्यक्ता' हा शब्द स्पष्ट आहे. अर्जाच्या रकान्यात मात्र तिला जागा नाही. १९८८ साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद झाली, निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही बाई पहिल्यांदा शासनाच्या नजरेत आणली. तिला स्वतःची शिधापत्रिका मिळावी, नवऱ्याच्या नावाखाली नव्हे, यासाठी चळवळीने किती खेटे घातले ते जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. शब्द शासननिर्णयात आणायला वर्षे लागली, आणि रकाना करणाऱ्याने तो एका दुपारी पुसला.

कोणी म्हणेल, ही कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हे, हा तर साधा संगणकावरचा अर्ज. तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण यंत्र शिकते ते अशाच रकान्यांवरून. आज ज्या बायका रकान्याअभावी 'केवायसी अपूर्ण' म्हणून नोंदल्या जातील, त्याच उद्या 'संशयास्पद' कोणती हे यंत्राला शिकवण्यासाठी नमुना म्हणून वापरल्या जातील. ऑस्ट्रियात हे झाले आहे. तिथल्या सरकारी रोजगार खात्याने बेकारांना नोकरी लागण्याची शक्यता किती, हे यंत्राकडून काढायचे ठरवले. २०१८ मध्ये त्याचे सूत्र बाहेर आले. त्यात स्त्री असण्याबद्दल गुण वजा होत होते. घरी मूल किंवा आजारी माणूस सांभाळावे लागत असेल तर आणखी वजा, पण ते फक्त बायकांचे. पुरुषाला घरची जबाबदारी असली तरी त्याचे गुण कमी होत नव्हते. खात्याचे म्हणणे होते की बाजारातली वस्तुस्थितीच अशी आहे. खरेच आहे ते. वस्तुस्थितीतला अन्याय आकड्यात बसवला की तो धोरण होतो.

इतक्या दूर जायचीही गरज नाही. सोलापूरच्या पद्मशाली घरांचे सोयरे तेलंगणात आहेत. तिथे 'समग्र वेदिका' नावाची यंत्रणा आहे. निरनिराळ्या खात्यांच्या याद्या एकत्र करून, नावे-पत्ते जुळवून, कोण गरीब आणि कोण नाही हे ती सांगते. हैदराबादमधल्या एका वृद्ध विधवेला शिधापत्रिका नाकारली गेली, कारण तिच्या घरात मोटार असल्याचे यंत्राने सांगितले. तिचा नवरा रिक्षावाला होता. त्याच्या नावाशी मिळतेजुळते नाव असलेल्या कुणा दुसऱ्याची मोटार यंत्राने तिच्या दारात आणून उभी केली. तेलंगणात २०१४ नंतरच्या काही वर्षांत सुमारे १९ लाख शिधापत्रिका रद्द झाल्या. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरोघर जाऊन फेरतपासणी करायला लावली. तपासलेल्या दोन लाखांवर अर्जांत पंधरा हजारांहून अधिक कुटुंबे पात्र निघाली, म्हणजे शंभरात सात-साडेसात. विडीच्या छाटीला नियमाने शंभरात पाचाची मर्यादा घातली होती!

नावांच्या जुळणीत बाईचा बळी आधी जातो, त्याचे कारण आपल्या घरातच आहे. पुरुषाचे नाव जन्मापासून मरेपर्यंत एकच. बाईचे लग्नात आडनाव बदलते, मधले नाव बदलते आणि कित्येक घरांत तांदळाच्या ताटात अंगठीने पहिले नावही बदलतात. आधारवर माहेरचे, शिधापत्रिकेवर सासरचे, बँकेत तिसरेच. तेलुगू नाव मराठी कारकुनाने ऐकून लिहिले आणि इंग्रजीत तिसऱ्याने टंकले, तर एकीच्या चार बायका होतात. नाव बदलण्याची रीत मोडा, असे आपण स्वाभिमानाच्या भाषेत सांगत आलो. आता तिला रोकड किंमतही आली आहे.

शासनाची बाजू अगदीच पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. लाडक्या बहिणीच्या यादीत १४,२९८ पुरुष पैसे घेत असल्याचे निघाले. ते यादी जुळवली म्हणूनच सापडले. पूर्वीची माणसांची व्यवस्था काही सोवळी नव्हती. दाखल्यासाठी बाईला तलाठ्याकडे किती वेळा जावे लागे, त्याची नजर कशी असे आणि टेबलाखालून काय द्यावे लागे, हे आपण विसरलेलो नाही. यंत्र लाच मागत नाही, रात्री घरी ये म्हणत नाही. हा लहान फायदा नव्हे. पण तलाठ्याच्या दारात धरणे धरता येत होते. त्याच्यावर तक्रार करता येत होती, त्याची बदली होत होती. यंत्राने नाकारलेल्या बाईला सेविका म्हणते वरून आले, प्रकल्प कार्यालय म्हणते पोर्टलवर आहे, आणि पोर्टल काहीच म्हणत नाही.

कायद्याकडे पाहावे तर तिथेही आधार थोडा आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने सरकारी लाभांसाठी माहिती वापरताना नव्याने संमती घेण्याच्या बंधनातून शासनाला बहुतांशी मोकळे ठेवले. त्याच कायद्याने माहिती अधिकारातले वैयक्तिक माहितीचे कलमही बदलले. नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल लागू आहे. त्याच महिन्यात केंद्राने कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. ती ऐच्छिक आहेत, नवा कायदा सध्या नको असा त्यांचा सूर आहे. युरोपने २०२४ च्या कायद्यात सरकारी मदतीला कोण पात्र हे ठरवणारी यंत्रे 'उच्च जोखमी'च्या वर्गात घातली आणि त्यांच्यावर माणसाची देखरेख बंधनकारक केली. आपल्याकडे ही जोखीम फक्त बाईने घ्यायची.

म्हणून आपली मागणी यंत्र काढून टाका एवढीच असू नये. ती टिकणार नाही, आणि सगळ्याच ठिकाणी योग्यही नाही. यंत्राने फार तर शंका काढावी. 'नाही' मात्र माणसानेच म्हणावे, कारण लिहून, सही आणि हुद्द्यासह, मराठीत. चौकशी पूर्ण होईपर्यंत आहार आणि पैसे चालू राहावेत. चेहरा जुळला नाही तर सेविकेची सही पुरेशी धरावी आणि त्याबद्दल तिच्यावर कारवाई होऊ नये. 'पती किंवा वडील' हा रकाना काढावा. कुटुंबाचे उत्पन्न तपासायचे तर त्याचे इतर मार्ग शासनापाशी आहेत. आणि दर तिमाहीला तालुकावार जाहीर व्हावे की यंत्राने किती नाकारल्या आणि त्यातल्या किती फेरतपासणीत पात्र निघाल्या. अन्नसुरक्षा कायद्यात जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे, सामाजिक अंकेक्षण आहे. चेहऱ्यामुळे आहार नाकारल्याच्या तक्रारी आपण तिथे लेखी नेल्या पाहिजेत. तोंडी तक्रारीचा आकडा कुठेच बनत नाही.

आमच्या गटाने यासाठी एक दोनशेपानी वही केली आहे. रकाने सहाच: तारीख, वस्ती, कोणता लाभ, यंत्राने काय कारण दाखवले, कोणाकडे दाद मागितली, किती दिवसांनी काय झाले. बाईचे नाव आणि आधार क्रमांक त्यात लिहायचा नाही; तिला एक आकडा द्यायचा आणि नावाची यादी वेगळी, कुलपात ठेवायची. नाहीतर आपणही आणखी एक यादी करून बसू. बार्शी, अक्कलकोट आणि पंढरपूरच्या मैत्रिणींनी अशा वह्या सुरू केल्या तर पुढच्या अंकाच्या आधी जिल्ह्याचा एक तक्ता तयार होईल आणि तो घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे जाता येईल. शिष्टमंडळात निम्म्या सेविका असाव्यात.